मातीचा लाडू

आमच्या आत्याबाईंसारखी मातीची वेडी बाई निलंग्यापासून देवणीपर्यंत दुसरी झाली नसेल, आणि झाली असेल तर तिच्याही कमरेला खुरपं खोचलेलं असणार. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. तरुणपणीच माहेरी परत आलेल्या, अंगानं काडी, पण आवाज चार शेतं ओलांडून जायचा. मी पडले घुमी. चौथी शिकलेली, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी पदर सावरत मागं सरायची. माझ्या वाटचंही त्याच बोलायच्या.

घरी कुणी आलं की लोक आधी पाणी विचारतात. आत्याबाई विचारायच्या, "तुमच्याकडं ओल किती हाय?" बोटभर, वीतभर की हातभर, हे कळल्याशिवाय चहाचं आधण चढायचं नाही. एसटीत बसल्या की खिडकीतून दिसेल त्या शेताला मोठ्यानं सल्ला द्यायच्या आणि शेतवाल्याला ऐकू गेला नाही म्हणून कंडक्टरवर रागवायच्या. धाकट्या नणंदेसाठी स्थळ बघायला गेलो, तेव्हा तर कहर झाला. आम्ही सगळे पोह्यांच्या बशा घेऊन बसलो आणि आत्याबाई गायब. शोधत गेलो तर मुलाच्या शेतात कोपरापर्यंत हात घालून बसलेल्या! मूठभर माती काढली, दाबून लाडू वळला, छातीच्या उंचीवरून सोडला. लाडवाचं पीठ झालं नाही, दोन-तीन खडे झाले. मग घरात येऊन, मुलाकडं न बघताच म्हणाल्या, "सोयरीक करा. भुई ओल धरून ठिवती, पोरगंबी घर धरून ठिवंल." नणंद आज सुखात आहे, त्यामुळे त्या लाडवाला कुणी नाव ठेवत नाही.

लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले. आत्याबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि वाटणाऱ्यालाच धरलं, "जिल्हा हिकडं आला, मग पाऊस कामून तिकडंच ऱ्हायला?" पावसानं त्या साली खरंच दडी मारली होती. खरीप हातचा गेला. घरात ज्वारीच्या बियाचं एकच गाडगं उरलं होतं. ते उगवलं तर आम्हाला भाकर आणि बैलांना कडबा. नाही उगवलं तर आमची देवणी बैलांची जोडी बाजारात न्यावी लागणार होती. मालक, म्हणजे माझे यजमान, बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि बाहेर निघून जायचे.

काळ्या रानात पेरायचं तर वरून पडलेल्या पावसाची ओल खालच्या जुन्या ओलीला जाऊन भिडावी लागते. मधे कोरडा थर राहिला तर कोंब येतो आणि वाळून जातो. ही भेट झाली का, ते बघायला आत्याबाई रोज संध्याकाळी रानात खड्डा उकरायच्या. आणि त्यांची एक रीत होती. खड्डा बुजवताना त्यात तांब्याभर पाणी ओतायचं. मालक कुरकुरले की म्हणायच्या, "तिच्या पोटात हात घातला, मग घोटभर पाजू नगं का?"

नेमका तेव्हा त्यांच्या पायात काटा मोडला. लांब चालवेना, म्हणून त्या रोज बांधावरच्या बाभळीजवळच उकरू लागल्या. मधे दोनदा भुरभुर पाऊस झाला. आणि एके दिवशी सकाळीच आत्याबाई लंगडत, ओरडत गावात शिरल्या. हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेला. "भिडली! ओलीला ओल भिडली!" अहो, काय सांगू, गावात लगीनघाई उडाली! कुणी दोर शोधतंय, कुणी पेरायच्या तिफणीचे फण ठोकतंय, चुलीवरच्या भाकरी चुलीवरच राहिल्या. आम्हीही तिफण जुंपली. मालक बैलांमागं, आणि चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीवर, बियाची मूठ धरायला मी.

तिफण दहा पावलं गेली असेल. फणामागं माती वर येत होती आणि ती पांढुरकी होती. धूळ माझ्या नाकात गेली. माझी मूठ आपोआप आवळली. सांगावं तर कुणाला? पुढं मालक, बांधावर आत्याबाई हात नाचवत उभ्या. मी तशीच बंद मुठीनं चालत राहिले. रानाच्या टोकाला तास संपलं, मालकांनी वळून बघितलं, तर चाडं रिकामं आणि माझी मूठ भरलेलीच.

"बी कामून सोडीना गेलीस?"

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "धूळ हाय."

आत्याबाई लंगडत आल्या, रानाच्या मधोमध बसल्या, खुरप्यानं उकरलं. लाडू वळला, सोडला. त्याचं पीठ झालं. त्यांनी आधी त्या पिठाकडं बघितलं, मग बाभळीकडं, मग हातातल्या तांब्याकडं. "अगं माय," त्या म्हणाल्या, "मीच पाजलेलं मलाच घावलं की."

आणि मग काट्याचा पाय विसरून बाई जी पळाली! या बांधावरून त्या बांधावर, "मुठी आवळा रे, मुठी आवळा" करत. त्यांना शिव्या घालत, हसत, लोकांनी तिफणी सोडल्या. कुणाचं मूठ-दोन मूठ गेलं, पण गाडगी वाचली. पुढं आठवड्यानं रात्रभर धरून पाऊस झाला. या खेपेला आत्याबाईंनी रानात चारी कोपऱ्यांत उकरलं, आणि प्रत्येक खड्ड्यात आधी माझा हात घालायला लावला. ज्वारी काही भरघोस आली नाही, पण भाकर पुरली, आणि बैल दावणीलाच राहिले.

म्हातारपणी त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा मी रोज रानातलं ढेकूळ पदरात बांधून आणायची. त्या ते दाबायच्या, वास घ्यायच्या आणि मालकांना निकाल सांगायच्या. एका संध्याकाळी मी दिलेली माती त्यांनी बराच वेळ नुसती धरून ठेवली. बोटांत वळायचं बळ राहिलं नव्हतं. मग माझा हात ओढून ती माझ्या तळव्यावर ठेवली.

"आता तू सांग," म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."

मी लाडू वळला, आणि सांगितलं. अंगणातल्या मालकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.