बादली आणि दोन ब्रॅकेट

माझे सासरे जर्मनीला एकदाच आले. तेव्हा आम्ही वाल्डॉर्फजवळच्या एका गावात भाड्याने राहत होतो. बायको तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. सासूबाई मेहुण्याकडे सुनेच्या बाळंतपणासाठी थांबल्या, त्यामुळे मामा एकटेच आले. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात, आणि मी पुण्याचा म्हणून तो शब्द जरा जास्तच ताणून म्हणतात. व्हिसा तीन महिन्यांचा होता. त्यातले पहिले आठ दिवस त्यांनी बाल्कनीत बसून समोरच्या कुंपणाच्या फळ्या मोजण्यात घालवले.

मामांचं कोल्हापुरात लेथचं वर्कशॉप होतं. तीस वर्षं ते एका मोठ्या कंपनीसाठी भाग बनवत होते. मग कंपनीने कागद मागायला सुरुवात केली. पोलादाचा दाखला, वेल्डरचा दाखला, मापांचा दाखला, आणि मापं घेणाऱ्या वर्नियरचासुद्धा दाखला. मामांच्या हातात कसब होतं, कपाटात कागद नव्हते. दोन वर्षं त्यांनी ओढाताण केली आणि शेवटी शटर खाली ओढलं. घरात त्या विषयावर कुणी बोलत नसे.

आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "पाव्हणं, तुमी तिकडं कारखान्यात नक्की करता काय?"

मी गुणवत्ता विभागात होतो. बाहेरून येणाऱ्या भागांचे कागद तपासायचे, कमी असतील तर माल नाकारायचा, हेच माझं काम. मी म्हटलं, "मामा, मी कागद बघतो."

"म्हंजे आमच्याकडं यायचा त्यो साहेब तुमीच की!" असं म्हणून ते खो खो हसले. मीही हसलो, पण माझं हसू लवकर संपलं.

आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहत. सत्तरीचे, घरांच्या हीटिंगची कामं करून निवृत्त झालेले, विधुर. एका शनिवारी त्यांनी गॅरेजचं दार उघडलं आणि बाल्कनीतून मामांना आतली ती गाडी दिसली. मामा सपाता घालूनच खाली गेले. मी मागोमाग धावलो, कारण मामांना जर्मन येत नव्हतं आणि घरमालकांना जर्मनखेरीज काहीच येत नव्हतं.

तिला टी-बकेट म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गाडीचा फक्त बसायचा डबा घ्यायचा, तोही बादलीसारखा आखूड कापून. छप्पर नाही, बॉनेट नाही. पुढे सायकलची वाटावीत अशी काटकुळी चाकं, मागे रोडरोलरसारखी जाडजूड, आणि मधे भलंमोठं इंजिन उघडंनागडं. घरमालकांनी डबा आणि चासी अमेरिकेतून मागवली होती, बाकीचं जिथे मिळेल तिथून गोळा करत चार वर्षं जुळवत होते. मामांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, उकिडवे बसले, खालून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आयला, हिचं सगळंच दिसतंय की!"

तिचं सगळं आकर्षण त्या एका वाक्यात होतं. मी ज्या गाड्यांसाठी नोकरी करत होतो, त्यांत दाराच्या एका बिजागरीपलीकडे माझा कशाशी संबंध नव्हता. ती बिजागरीही प्लास्टिकच्या आवरणाखाली लपलेली. इथे स्टिअरिंग फिरवलं की कुठला दांडा कुठल्या दांड्याला ढकलतो ते लहान पोरालाही दिसावं. मला त्या गाडीचा मोह पडला होता, पण हात काळे करायची हिंमत नव्हती. मामांनी विचारायच्या आधीच कानस उचलली होती.

घरमालकांनी मला विचारलं, "यांचा व्यवसाय काय?"

आणि इथे मी माती खाल्ली. मामांना अख्खं वर्कशॉप मिस्त्री म्हणायचं. मिस्त्रीला जर्मनमध्ये काय म्हणायचं? माझ्या तोंडून निघालं, "माइस्टर." वर ऐटीत सांगितलं, तीस वर्षं माइस्टर. जर्मनीत माइस्टर म्हणजे परीक्षा देऊन, शिक्क्याचं पत्र मिळवून, ते चौकटीत घालून भिंतीवर लावणारा माणूस. हे मला ठाऊक होतं. घरमालकांच्या दिवाणखान्यात त्यांचं स्वतःचं पत्र तसंच लावलेलं होतं. पण सासऱ्यांची ओळख करून देताना जावयाची जीभ जरा सैल सुटतेच. घरमालकांनी ताठ उभं राहून मामांशी हात मिळवला आणि त्या दिवसापासून त्यांना "माइस्टर" अशीच हाक मारली. मामांना ते "मास्तर" ऐकू यायचं. तेही खूश होते.

पुढचा दीड महिना आमचं घर बदलून गेलं. मामा सकाळी आठला अंघोळ करून, गंध लावून गॅरेजमध्ये हजर. दोघं म्हातारे एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलत आणि त्यांचं कधी अडलं नाही. घरमालक "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत, मामा "चालतंय की" म्हणत. महिन्याभराने घरमालक "चालतंय की" म्हणायला लागले आणि मामा जेवताना आमटी पुढे केली की "गेनाऊ" म्हणायला लागले. "कित्येक वर्षांत मी बाबांना असं बघितलं नव्हतं," बायको म्हणाली आणि डोळे पुसायला बेसिनकडे गेली.

घरमालकांचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं होतं. पुढचा अक्सल, म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा, चासीला जिथे धरून ठेवायचा, तिथले दोन ब्रॅकेट. अक्सल दुसऱ्या गाडीचा होता, त्यामुळे विकतचे बसत नव्हते. मामांनी पुठ्ठ्याचे नमुने कापले, जाड पोलादी प्लेट करवतीने कापली, भोकं पाडली, वेल्डिंग केलं आणि मग चार दिवस नुसती कानस चालवली. तयार झाल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ते दोन्ही ब्रॅकेट वर घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवले.

"बघा पाव्हणं. कसं झालंय?"

मी एक उचलून फिरवून पाहिला. वेल्डिंगची रेघ अशी एकसारखी होती, की आमच्या कारखान्यातल्या यंत्रालाही ती रोज जमत नसे. कडा हाताला लागत नव्हत्या. आणि माझ्या डोक्यात, मला नको असताना, ऑफिसातला फॉर्म उघडला. पोलाद कुठलं? दाखला? वेल्डर कोण? दाखला? रस्त्यावर उतरवण्याआधी ही गाडी तपासणी केंद्रात जाणार, आणि तिथला प्रुफर, म्हणजे तपासनीस, मी विचारतो तेच विचारणार. अक्सल धरणारा भाग घरी केलेला चालत नाही. हे मला पक्कं माहीत होतं.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"चालेल," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "कागद लागतील ना रे? बाबांना सांगितलंस?" मी म्हटलं, सांगतो. दुसऱ्या दिवशी घरमालकांकडे विषय काढून पाहिला. ते म्हणाले, "अहो, माइस्टरने केलंय. मग काय प्रश्न आहे?" मी "हो" म्हणालो आणि जिना चढून वर आलो. कारखान्यात मी परक्या माणसांना रोज बिनदिक्कत नाही म्हणत होतो. घरात मात्र माझी दातखीळ बसली होती. एकदा बंद पडलेल्या माणसाला पुन्हा तेच कारण कसं सांगायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

जूनच्या शेवटी शतावरीचा हंगाम संपला आणि शेतं मोकळी झाली. घरमालकांच्या मित्राच्या शेतात एक लांब खासगी वाट होती. ट्रेलरवर घालून बादली तिथे नेली. घरमालकांनी दोन फेऱ्या मारल्या आणि मग उतरून मामांना हाताने खुणावून बसा म्हणाले. मी शेजारी बसलो. इंजिन सुरू झालं तेव्हा माझ्या दातांपर्यंत थरथर पोचली. मामांनी पहिल्यांदा बेताने, मग जरा दाबून गाडी सोडली. पुढे काच नाही, काही नाही. वारा, माती, पेट्रोलचा वास, एक चिलट सरळ माझ्या तोंडात. आमच्या समोर काटकुळी चाकं खड्ड्याखड्ड्याला नाचत होती आणि त्यांना धरून ठेवलेले मामांचे दोन ब्रॅकेट ऊन पडून चकाकत होते. मामा रस्त्याकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघत होते. शेवटाला गाडी थांबवून ते म्हणाले, "पाव्हणं, माझा माल आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीत आत कुठंतरी गेला. पळताना आज पहिल्यांदा बघितला." मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी फक्त तोंडातलं चिलट थुंकून टाकलं.

तपासणीची तारीख मामांच्या विमानाच्या तीन दिवस आधीची मिळाली. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. प्रुफर चाळिशीचा, शांत माणूस होता. हातात बॅटरी आणि पिवळा खडू घेऊन तो गाडीभोवती फिरला. मग मला आणि घरमालकांना त्याने काचेच्या खोलीत बोलावलं. मामा गाडीपाशी थांबले.

"पुढचे ब्रॅकेट कुणी केले?" त्याने विचारलं.

"माइस्टरने," घरमालक अभिमानाने म्हणाले आणि काचेतून मामांकडे बोट दाखवलं.

"छान. मग त्यांचं पत्र आणि पोलादाचा दाखला द्या."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, की पत्र नाही. आमच्याकडे वर्कशॉपमधल्या जाणत्या माणसाला तसं म्हणतात, चूक माझी आहे. घरमालकांचा चेहरा लाल झाला. मी शिव्यांची वाट बघत होतो, पण ते फक्त "आख् झो", म्हणजे असं होय, एवढंच म्हणाले आणि टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिले. प्रुफर म्हणाला, "काम अतिशय स्वच्छ आहे. असं मी फार पाहिलेलं नाही. पण मला कागद लागतो." तो माझंच वाक्य बोलत होता. रोज बोलतो त्याच आवाजात. त्याच्याशी भांडायला मला एक मुद्दा सापडला नाही.

घरमालक सही करायला थांबले. मी बाहेर आलो. मामा गाडीच्या पुढ्यात उभे होते.

"काय म्हणला साहेब?"

मला ब्रॅकेटकडे बघवेना. मी वर छताच्या दिव्यांकडे बघत म्हणालो, "काम फार सुबक आहे म्हणाला, मामा. असं काम फार पाहिलं नाही म्हणाला. ब्रॅकेट पास. मागच्या दिव्यांचं काहीतरी राहिलंय, तेवढं पुढच्या महिन्यात करायचं."

अर्धं खरं होतं. मामा "चालतंय की" म्हणाले, खिशातला रुमाल काढला, गाडीपुढे उकिडवे बसले आणि दोन्ही ब्रॅकेट पुसायला लागले. किती वेळ पुसत होते. मला वाटलं, काय हा अभिमान. आणि मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचे कपडे मशीनमध्ये टाकताना बायकोने रुमाल वर धरून विचारलं, "ह्याला हळद कुठे लागली?" मामा म्हणाले, जेवताना लागली असंल. विमानतळावर घरमालक आले होते. त्यांनी मामांना मिठी मारली, "माइस्टर" म्हणाले, आणि वर "चालतंय की" म्हणाले.

सप्टेंबरात दाखल्यावाल्या एका वेल्डिंगच्या दुकानातून नवे ब्रॅकेट आले. बरे होते. गाडी पास झाली. घरमालकांनी मला नेकार नदीच्या काठाने हायडेलबर्गपर्यंत फिरवून आणलं. पूल ओलांडताना लोक हात हलवत होते, आणि मी पुढच्या चाकांकडे एकदाही पाहिलं नाही. मामांचे ब्रॅकेट घरमालकांनी तेल लावून दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवले होते.

त्या रविवारी कॉलिंग कार्डावरून कोल्हापूरला फोन लावला. मामांनीच उचलला.

"बादली पळाली का, पाव्हणं?"

"पळाली मामा. हायडेलबर्गपर्यंत गेलो."

"आणि ब्रॅकेट?"

"एकदम झकास. काही आवाज नाही, काही नाही."

मग मामा म्हणाले, अगदी हळू, जणू मलाच काही लागेल या बेताने, "पाव्हणं, त्या साहेबानं फुली मारली हुती की. पिवळ्या खडूनं, दोन्हीवर. तीस वर्षं फुल्या बघितल्यात मी."

मी विचारलं, "मग तेव्हाच बोलला का नाहीत, मामा?"

"तुमी एवढं वर बघून सांगत हुता," ते म्हणाले. "म्हटलं, खाली बघितलं तर तुमाला दिसंल. म्हणून पुसून टाकली."