बिडाचं निळं भांडं

माझा धाकटा भाऊ पुण्याकडच्या एका कारखान्यात आहे. तिथं बिडाची भांडी ओततात आणि त्यांच्यावर रंगीत काचेचा थर चढवतात. दिवाळीला आला तेव्हा बाहेरून निळं, आतून सायीच्या रंगाचं एक जडशीळ भांडं त्यानं माझ्या ओट्यावर ठेवलं. त्यावरचा थर त्यानं स्वतः फवारला होता. ओलसर वाळूच्या साच्यात बीड ओततात, साचा फोडून भांडं काढतात, मग काचेची पूड चढवून भट्टीत घालतात, की काच वितळून लोखंडाला धरते, असं त्यानं मला समजावून सांगितलं. जाताना पुन्हा म्हणाला, "ताई, ही काच हाय. रिकामं तापवू नको अन् तापल्यावर गार पाणी वतू नको. बाकी जलमभर चालंल."

त्यात केलेल्या मटणाची चव कुकरला कधीच आली नाही. झाकणाला धरलेली वाफ थेंबाथेंबानं परत रश्शात पडायची आणि मंद आचेवरही तळाला काही लागायचं नाही. आई तर ते भांडं दुसऱ्या कुणाला घासूच द्यायची नाही.

मी घाटनांदूरजवळच्या एका शाळेत शिकवते. आमच्याच शाळेतली एक बाई माझी मैत्रीण होती. घर बागायतदाराचं, गावात वजन. बुद्ध विहाराकडच्या आमच्या गल्लीत ती कधी आली नव्हती, पण शाळेत माझा डबा आधी तीच उघडायची आणि बोटं चाटून खायची. तिच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. टेबलावर पुलाव मांडायला ते निळं भांडं शोभेल म्हणून तिनं मागितलं. मी आनंदानं दिलं. भावाची सूचनाही नीट सांगितली.

सोमवारी भांडं टॉवेलात गुंडाळून परत आलं. आतल्या काचेला जाळीसारखे तडे गेले होते, तळाचा एक टवका उडून काळं लोखंड दिसत होतं. आपोआप तडकलं, ती म्हणाली. कशावर ठेवलं होतं, असं मी विचारलं. तिनं अगदी सहज सांगितलं की सासूबाईंनी अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर ते रिकामंच पार तापवून घेतलं आणि वरून गोमूत्र आणि गार पाणी ओतलं.

"कावून?" मी विचारलं.

"दुसऱ्याच्या घरचं ना मॅडम, म्हणून."

"तुमच्या जावेकडून आणलेला कुकर तापवता का असा?"

ती टॉवेलाची घडी घालू लागली. त्या विस्तवापाशी ती उभी होती, सासूला थांबवू शकत होती. माझ्या डब्यातलं खाणारं तिचं तोंड तेव्हा उघडलं नाही.

दोन दिवसांनी तिचा नवरा खोक्यातलं नवं कोरं भांडं घेऊन दारात आला. आमची आई जुन्या वळणाची आहे, विषय वाढवू नका, असं फार नम्रपणे म्हणाला. मी खोकं आत घेतलं नाही. ज्यांनी तापवलं त्यांनी आणून द्यावं, आमच्या घरात बसून चहा घ्यावा, मग ठेवून घेईन, असं सांगितलं. तो खोकं घेऊन गेला. त्यावर माझी आई माझ्यावरच चिडली. म्हणाली, "इथंच राहायचंय आपल्याला. काय मिळालं भांडून?" मला आईचाही राग आला, आणि तिला असं बोलायला शिकवणाऱ्या सगळ्यांचा त्याहून जास्त.

सासूबाई आल्या नाहीत. पुढं एका सरांच्या निरोपाच्या जेवणाची बोलणी शिक्षकांच्या खोलीत चालली होती. कुणीतरी म्हणालं, मॅडम, तुमच्या त्या निळ्या भांड्यात मटण होऊन जाऊ द्या. भांडं फुटलं, मी म्हणाले. कसं, असं विचारल्यावर कसं ते सांगितलं. आवाज न चढवता, तिच्यासमोर.

ती रडायला लागली. दोघीतिघी धावल्या, कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. एक सर मला हळूच म्हणाले, "मॅडम, चारचौघांत सांगायची गरज नव्हती."

गोवऱ्या पेटल्या त्या अंगणातही चारचौघं होती, असं मी त्यांना म्हणाले आणि खडू उचलून सातवीच्या वर्गावर गेले. राग अजून आहे. तो जावा असं मला वाटतही नाही.