निळी पिंपं परत आणताना

यवतमाळहून निघाले तेव्हा डोक्यात जोतिबाचा डोंगर आणि तांबडा-पांढरा रस्सा, एवढंच होतं. पण कोल्हापूरला मला घ्यायला आलेली माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली म्हणाली, "मॅडम, देव कुठं पळत नाही. आज आधी आमची आग बघा." ती शिरोली एमआयडीसीतल्या एका थिनरच्या कंपनीत सुरक्षा अधिकारी आहे. मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, त्यामुळे मोह आवरला नाही.

कंपनीच्या मागच्या पटांगणात लोखंडी हौदात डिझेल पेटवलं होतं. तेलाच्या आगीवर पाणी चालत नाही, फेस लागतो. आजवर वापरलेल्या फेसात फ्लोरीनची अशी संयुगं होती, की ती माती-पाण्यात गेली की जाता जात नाहीत आणि पाण्यावाटे अंगातही साठतात. म्हणून कंपनी आता फ्लोरीन नसलेला फेस आणत होती, आणि आज त्याची पहिली परीक्षा होती.

नळी होती बाळासोंच्या हातात. उंच, पांढऱ्या मिश्यांचा, कंपनीच्या अग्निशमन पथकातला सर्वांत जुना माणूस. त्यांनी सवयीने फेसाचा झोत थेट ज्वाळेत मारला. तेल उसळलं, आग दुप्पट झाली आणि मी चपला टाकून पळाले. "ह्याला जोर चालत न्हाय व्हय!" असं स्वतःलाच ओरडून त्यांनी झोत हौदामागच्या पत्र्यावर धरला. फेस पत्र्यावरून हळूहळू उतरला, आगीवर पसरत गेला आणि बघता बघता सगळं पांढरं, शांत झालं. मी अनवाणी उभी राहून टाळ्या वाजवत होते. इतकं सुंदर काही मी प्रयोगशाळेत कधी पाहिलं नव्हतं.

मग वैशालीने विचारलं, "बाळासोकाका, जुन्या फेसाच्या द्रावणाची रिकामी पिंपं कुठं ठेवलीत?"

बाळासोंनी हेल्मेट काढलं. "गावात हायत की. घरोघरी."

हातकणंगल्याजवळच्या त्यांच्या गावात पाणी एक दिवसाआड येतं. झाकणाचं, मजबूत पिंप फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण सोडेल? वैशालीच्या आधीच्या साहेबांना विचारून बाळासोंनी ती वाटली होती. धुतल्यावर त्यांत जुन्या फेसाचा काही अंश उरला नसेलच, असं वैशाली छातीठोक सांगू शकेना. तिने लगेच वर फोन केला; बदल्यात कंपनी नवी पिंपं देणार होती. वैशाली म्हणाली, गावात पत्रक काढू.

"पत्रक न्हाय," बाळासो म्हणाले. "मी दिल्यात, मीच मागणार."

नवी पिंपं भरलेल्या टेम्पोत बाळासो आणि वैशालीबरोबर मीही चढले. दोन्हीकडे ऊस. पहिल्याच दारात बाळासोंनी सगळं मोठ्यानं, काही न लपवता सांगितलं. घरमालक धार काढता काढता गरजला, "च्यायला बाळासो, म्हशी पित्यात की त्यातनं!" आणि शिव्या देत देत त्यानं स्वतःच रिकामं पिंप उचलून टेम्पोत ठेवलं. पुढच्या घरी आम्हाला भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) खायला बसवलं. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. तांब्याकडे गेलेला माझा हात मध्येच थांबला. घरच्या बाईंनी ते बरोबर पाहिलं.

"घ्या की पावणं (पाहुणे), आत्ताच नळाचं भरलंय." मला फार लाज वाटली.

शेवटचं घर बाळासोंच्या थोरल्या बहिणीचं, आक्कांचं. इथे मात्र ते दारातच थबकले. स्वयंपाकघरात कमरेएवढं, अर्धं भरलेलं निळं पिंप, त्यावर हळदीकुंकवाची बोटं. घरभरणीला भावानं आणलेलं.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "नातवंडं ह्येच पाणी पित्यात, बाळ्या."

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"न्हाय. कुणी सांगितलं न्हवतं. पन आणल्यालं मीच की, आक्का."

आक्कांनी पदर खोचला आणि पिंप ओढत मागच्या दारात आणलं. कलंडवायला हात लावला आणि थांबल्या. समोर शेवगा होता, त्यापलीकडे भाजीचा वाफा, त्यापलीकडे विहीर.

"मग ह्ये पाणी वतू कुठं?" (ओतू कुठं?)

शेवटी झाकण घट्ट लावून ते पिंप पाण्यासकट बाळासो, वैशाली, टेम्पोवाला आणि मी, अशा चौघांनी उचललं, आणि आक्का भावाच्या शेजारी चालत म्हणत राहिल्या, "हळू. सांडू नगा." कंपनीत ते जुन्या फेसाच्या साठ्याशेजारी कुलुपात गेलं. त्या सगळ्याची रीतसर विल्हेवाट लागेपर्यंत ते तिथेच राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी परतीची गाडी पकडली. घरी सगळे विचारतात, कोल्हापुरात काय पाहिलं? आगीवर उतरणारा पांढरा फेस पाहिला, आणि आपल्या हातून झालेलं दारोदार सांगत फिरणारा माणूस पाहिला. असं धैर्य मला जमलं नसतं. तरी इथे एक गोष्ट सांगून टाकते. प्रयोग संपला की उरलेलं बेसिनमध्ये ओता आणि वर भरपूर पाणी सोडा, असं मी आयुष्यभर वर्गाला शिकवलं. त्या वर्गात वैशालीही होती.