निघोज्याची गाडी आणि आमचे घरमालक

निघोज्याला एस.टी. आणली ती सरकारने, असं कागदोपत्री असेल. पण ती टिकवली आमच्या घरमालकांनी, आणि तीही निव्वळ ओकून ओकून. हे मी थट्टेने म्हणत नाही. साठी ओलांडलेला, सहा फुटांचा, मिशीला पीळ भरणारा हा माणूस दोन महिने रोज त्या गाडीत बसला आणि रोज इंद्रायणीचा पूल आला की खिडकीतून डोकं बाहेर काढून सकाळचा चहा रस्त्याला परत देत राहिला. मग मुंडाशाच्या टोकाने तोंड पुसून शेजाऱ्याला म्हणायचा, "हां, काय म्हनत व्हतो मी?"

मी कोकणातून निघोज्याच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत राहू लागलो. सगळं गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला गुरुजी म्हणत आणि माझ्या 'ळ'ला आणि भातखाऊपणाला मनसोक्त हसत. चाक या वस्तूशी त्यांचं जन्माचं वैर होतं. स्वतःच्या बैलगाडीत बसले तरी त्यांना मळमळे. त्यामुळे बाजाराला जाताना माल गाडीत असे आणि आबा बैलांच्या बरोबरीने चालत, त्यांच्याशी गप्पा मारत. चाकणच्या बाजारात लोक विचारायचे, "आबा, गाडी मोडली का?" तर म्हणायचे, "गाडी ठीक हाय, मीच मोडतो तिच्यात."

दुष्काळात गावाने खडी फोडली आणि निघोज्यापासून नाशिकच्या मोठ्या रस्त्यापर्यंत सडक झाली. त्या कामावर मुकादम वेगळा होता, पण तो आबांना घाबरून असे. रोज संध्याकाळी आबा वहाणा काखेत मारून त्या दिवशी झालेला तुकडा अनवाणी चालत तपासायचे. एखादा खडा टोचला की तिथेच उभे राहून मुकादमाला हाक मारायचे. "डोळं फसत्यात गुरुजी, तळवं फसत न्हाईत," हे त्यांचं स्थापत्यशास्त्र. डांबर पडलं तेव्हा मात्र त्यांचा नाइलाज झाला. ऐन उन्हात त्यांनी तोही तुकडा तपासला आणि नंतर चार दिवस तळपायांना लोणी लावून ओसरीवर बसले.

सडक झाली तशी गाडीही आली. पण कायमची नव्हे, दोन महिने चालवून बघू म्हणून. पहाटे साडेपाचला एक फेरी, सकाळी नऊला एक, आणि दुपारी चारला गावात परत. मोशी, भोसरी करत कासारवाडीच्या स्टेशनपर्यंत. माणसं मिळाली तर गाडी राहील, नाहीतर बंद. आता यातली गंमत अशी, की गावातली कामाला जाणारी पोरं पिंपरीच्या कंपन्यांत होती आणि कासारवाडीला एकेका खोलीत सहा-सहा जण राहत होती. गाडी कायम झाल्याशिवाय ती खोली सोडायला तयार नव्हती, आणि ती बसल्याशिवाय गाडी कायम होणार नव्हती.

आबांचा मुलगा दत्तू त्यातलाच. सुट्टीच्या दिवशी सायकल मारत घरी यायचा, आईच्या हातचं जेवायचा आणि परत जायचा. एकदा ओसरीवर माझ्या देखतच तो वडिलांना म्हणाला, "आबा, हितनं पहिल्या शिफ्टला सायकल मारायची म्हंजी जीव जातो. गाडी राहिली तर घरनं येऊन-जाऊन करीन. न्हाई राहिली, तर तिकडं येगळी खोली बघितलीया. दोघींनाबी घिऊन जातो." दोघी म्हणजे त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी. ती मुलगी दुपारी आबांच्या पोटावर झोपायची. आबा नातीच्या अंगावरची माशी हाकलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या गाडीत ते पहिल्यांदा चढले. हातात लिंबू, खांद्यावर उपरणं. कासारवाडीपर्यंत गेले, परतीच्या गाडीने आले, अंगणातल्या दगडावर बसून त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, दिलेलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं, आणि उद्याचंही सांगून टाकलं: "उद्या दोन लिंबं ठिव."

एकट्याने बसून गाडी भरत नाही हे त्यांना आठवड्याभरात कळलं. मग त्यांनी गावाच्या नात्यागोत्यांचा ताबा घेतला. पारावर बसलेल्या माणसाला म्हणायचे, "तुझी मावशी भोसरीला हाय न्हवं? कंदी बघितलीस तिला? जा की, म्हातारी वाट बघती." त्या मावशीने भाच्याला बघून काय आजारी-बिजारी आहे का म्हणून विचारलं, ही गोष्ट वेगळी. कुणाला खोकला झाला तर गावातला काढा न देता आबा त्याला कासारवाडीच्या डॉक्टरकडे पाठवत. खोकला नसेल तर दाताची चौकशी करत. मलाही त्यांनी सोडलं नाही. "गुरुजी, शाळेतला खडू संपला आसंल," म्हणाले. मी म्हटलं, दोन पेट्या आहेत. "मग तिसरी आना. पोरं हुशार हायेत."

तर त्या तिसऱ्या पेटीसाठी एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. कंडक्टर परभणीकडचा, फार मऊ मनाचा माणूस होता. पूल जवळ आला की तो स्वतः उठून आबांची खिडकी उघडून द्यायचा आणि हळहळायचा, "आबा, लैच तरास व्हायलाय की तुम्हाला!" कासारवाडीला उतरलो तेव्हा आबा पांढरेफटक पडले होते. स्टेशनजवळ एका मुसलमान मेकॅनिकचं सायकल-मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने आम्हाला येताना पाहिलं आणि न बोलता बाकडं झटकून दिलं. आबा त्यावर आडवे झाले. मेकॅनिक मला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, रोजचं आहे हे. मैं तो बोलता, आबा, बीमार पडते तुम, कायको आते? तर हसतात फक्त." मग त्याने डोळ्यांनी वर खूण केली. दुकानाच्या माडीवर एक खोली होती आणि तिच्या कठड्याला दोरी बांधलेली होती. "दत्तूची खोली. एकदा पण वर गेले नाहीत. दोरीवर त्याचा शर्ट धुऊन टाकलेला दिसला, की म्हणतात, चला, पोरगं बरं आहे. मग पाणी पितात आणि जातात."

मी आबांकडे पाहिलं. ते उताणे पडून त्या दोरीकडेच बघत होते. परतीच्या वाटेवर मी खडूची पेटी मांडीवर धरून बसलो आणि पूल आल्यावर त्यांची खिडकी मीच उघडली.

दोन महिने संपत आले. एक दिवस कंडक्टरने उतरता उतरता आबांच्या कानात सांगितलं, "उद्या डेपोतले साहेब नऊच्या गाडीला यायलेत. माणसं स्वतः मोजणार. गाडी रिकामी दिसली तर माझ्या हातात काही नाही, आबा." आणि दुसऱ्या दिवशी नेमकं गावात लग्न! निघोज्याचा नवरा, मोशीची नवरी. अर्धं गाव वऱ्हाडात, आणि सगळं वऱ्हाड बैलगाड्यांतून जाणार.

सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर आबा घरात नव्हते. नवरदेवाच्या दारात गेलो. बैल जुंपलेले, गाद्या अंथरलेल्या, आणि आबा वाटेच्या मधोमध हात पसरून उभे.

"नवरदेव बैलगाडीतनं नेतोस?" ते नवरदेवाच्या बापाला विचारत होते. "आरं, मोशीची मानसं काय म्हनतील? निघोज्याला डांबरी सडक झाली, यष्टी आली, आन् नवरदेव धुरळा खात आला!"

"पर आबा, बैलं जुपली की आता."

"मग सोड. त्येंचं काय लगीन हाय व्हय?"

बाप विचारात पडला. पण तेवढ्यात नवरदेवानेच बाशिंग सावरत गाडीतून खाली उडी मारली. त्याला एस.टी.तून जायचं होतं. मग कोण थांबतं!

नऊची गाडी पारापाशी आली तेव्हा साहेब पुढच्या बाकावर मांडीवर वही उघडून बसले होते. दार उघडलं आणि वऱ्हाड आत घुसलं. वाजंत्री शिडीवरून टपावर चढले आणि तिथूनच वाजवू लागले. कुणीतरी नवरीच्या साड्यांची ट्रंक साहेबांच्या वहीवर ठेवली, आणि ट्रंकेवर एक रडकं मूल. साहेबांनी दोनतीनदा मान उंचावून मोजायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि मुलाला धरून बसले. आबा सगळ्यांना आत ढकलून झाल्यावर शेवटी पायरीवर पाय ठेवायला गेले, तर आतून कंडक्टर ओरडला, "आबा, जागा न्हाई! पाय ठेवायलाबी जागा न्हाई हो!"

घंटी वाजली. गाडी एका अंगाला कलून, सनई वाजवत निघून गेली. मागे राहिलो आम्ही दोघं आणि सोडलेले बैल. आबा पाराच्या कडेला बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, सवयीने त्यांना मळमळतंय. मी म्हटलं, "आबा, पाणी आणू का?"

त्यांनी मान हलवली. "न्हाई वो गुरुजी," ते हातांआडूनच म्हणाले. "आज काय बी व्हत न्हाई."

आठवड्याने कंडक्टरने गाडी वेशीत शिरण्याआधीच दारातून ओरडून सांगितलं, की फेरी कायम झाली. पुढच्याच सुट्टीला दत्तू दुपारच्या गाडीतून वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन उतरला. मी पाहत होतो, आता बाप काय बोलतो म्हणून. आबा म्हणाले, "आंघूळ कर. पानी तापलंय." एवढंच. काकी मात्र आत जाऊन चुलीपुढे बराच वेळ डोळे पुसत होत्या आणि धुराला नावं ठेवत होत्या. दुसऱ्या पहाटे दत्तू साडेपाचच्या गाडीने पहिल्या शिफ्टला गेला, त्याच्या मागोमाग बाकीची पोरंही हळूहळू घरी आली, आणि आबा त्या दिवशी उन्हं डोक्यावर येईपर्यंत घोरत पडले. त्यानंतर ते कधीही गाडीत बसले नाहीत.

पुढे माझी बदली झाली, मी सांगवीला घर केलं. बऱ्याच वर्षांनी एकदा निघोज्याला गेलो. गावात आता दिवसाला कितीतरी गाड्या होत्या. काकी थकल्या होत्या, दत्तू सेकंड शिफ्टला गेला होता, नात हायस्कुलात शिकत होती. आबा ओसरीवर बसलेले, अंगाने निम्मे झालेले. काकी हळूच म्हणाल्या, "त्येंना आता काय आठवत न्हाई, गुरुजी. सकाळी काय खाल्लं त्येबी न्हाई." आबांनी माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं सौजन्याने पाहिलं आणि बसायला घोंगडी पुढे केली.

मग मी त्यांना हीच गोष्ट सांगितली. एक माणूस होता, त्याला गाडी सोसत नव्हती, तरी तो रोज गाडीत बसायचा. मावश्या, दात, बाशिंग, साहेबांच्या मांडीवरचं मूल, सगळं सांगितलं. आबा लहान मुलासारखे ऐकत होते. बैलांच्या लग्नापाशी तर त्यांना इतकं हसू आलं, की ठसकाच लागला.

"लई येडं मानूस आसंल त्ये," ते डोळे पुसत म्हणाले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, अगदी समजुतीने, म्हणाले, "पर बरं केलं त्यानं."

मी म्हटलं, "हो, आबा. फार बरं केलं."