मधात सोडलेली जागा

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचता वाचता मनात त्यांची साधी कारणं शोधत असते. भास, योगायोग, थकवा… काहीतरी निघतंच. भूतखेत मी मानलं नाही कधी. कामही तसंच आहे माझं. मी परदेशात एका कोलायडरवर भौतिकशास्त्रज्ञ आहे. विश्वातलं बरंचसं वस्तुमान दिसत नाही, त्याला डार्क मॅटर म्हणतात. काहींचा अंदाज असा, की त्याच्या कणांचं वेगळंच जग असावं आणि आपल्या जगाशी त्याचा अगदी पुसट संबंध असावा. आम्ही प्रोटॉनच्या टकरी घडवतो आणि बघतो — टकरीपासून दूर, जिथे काही नसायला हवं तिथे, अचानक दोन कणांचा माग उमटतो का? तो त्या जगाची खूण असू शकतो. आमच्या गटाला अजून तसं काही सापडलेलं नाही.

माहेर सौंसरचं, नागपूरच्या पलीकडे मध्य प्रदेशातलं. बाबा शाळेत गणित शिकवायचे. मागच्या पावसाळ्यात आई गेली आणि त्यानंतर बाबांच्या आठवणी भराभर पुसल्या गेल्या. या हिवाळ्यात मी आले तर म्हणाले, "बाई, कोणाकडे आल्या तुम्ही?" मी नाव सांगायची, ते अदबीने मान हलवायचे. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

माझी परतायची वेळ जवळ आली तसा दादा म्हणाला, "बाबाले जामसांवलीच्या मारुतीपाशी नेऊन आणू, लोकं बरे होतात म्हणतात तिथं. तू मानत नाही, माहीत आहे मले. माह्यासाठी चाल."

गेलो. दुपार होती, गर्दी नव्हती. मारुतीचं दर्शन झाल्यावर दादा गाडी आणायला गेला. मी बाबांना बाहेरच्या चहाच्या टपरीजवळ बाकावर बसवलं आणि चहाचा कप घेऊन शेजारी बसले. तर ते सरकले — चांगली एका माणसाची जागा मधात सोडून. मी जवळ जाऊ लागले तेव्हा त्यांनी हात आडवा धरला.

"राहू दे. बसली आहे ना ती."

कोण, हे मी विचारलं नाही. या आजारात असे भास होतात, हे वाचलेलं होतं. ते त्या रिकाम्या जागेकडे मान कलती करून ऐकत होते. मधेच "हो… बरं" म्हणत होते. मग माझ्याकडे वळले. नजर ओळखीची होती — कित्येक महिन्यांनी.

"बेबी," ते म्हणाले, "तुही आई म्हणून राहिली, नाही भेटलं त नाही भेटलं. पण जेवत जाय."

मी कप खाली ठेवला.

आई नागपूरला दवाखान्यात होती तेव्हा आमचं शेवटचं बोलणं फोनवर झालं. तिने सहज कामाचं विचारलं आणि मला रडूच आलं… इतकी वर्षं शोधून राहिलो आणि हाती काही नाही, असं म्हणाले तिला. तेव्हा ती हेच बोलली होती. याच शब्दांत. बाबा त्या वेळी सौंसरच्या घरी होते. दादा औषधं आणायला खाली गेला होता. तो वर आला तोवर तिची तब्येत बिघडली होती, आणि त्यानंतर ती कोणाशीच बोलली नाही. मीही ते बोलणं कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

"बाबा, अजून काय म्हणते आई?" मी विचारलं.

ते हसले. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायचे तसा. तेवढ्यात दादाने हॉर्न वाजवला. बाबा दचकले, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच दादाला विचारलं, "या बाई आपल्यासोबत येऊन राहिल्या का?"

"हो बाबा. आपलीच आहे ते."

"मग पुढे बसू दे त्याहिले. दुरून आल्या असतील."

मी पुढे बसले.

नंतर सगळ्या शक्यता तपासल्या. आई घरीही असं म्हणत असेल? दादा नाही म्हणाला. दवाखान्यातल्या कोणी ऐकलं असेल? असेल, पण ते बाबांपर्यंत कसं पोचणार? आमच्या शास्त्रात एकदाच दिसलेल्या गोष्टीला शोध म्हणत नाहीत. पुन्हा दिसावी लागते. मी व्हिडिओ कॉल करते तेव्हा बाबा अजूनही नाव विचारतात.

उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा. मी नीट वाचेन… आणि खरं सांगते, तुमचं उत्तर चुकीचं निघावं असंच मला वाटत राहील.