देवीचं तोंड कुणाचं

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी मध्यस्थाला विचारलं, "मुलगा करतो काय?"

मध्यस्थ म्हणाला, "रंग देतो."

"कशाला?"

"पडंल त्याला," असं काहीतरी मध्यस्थ पुटपुटला, आणि तेवढ्यावर मी यवतला नांदायला आले. माझं माहेर कासुर्डी, अगदी जवळ. पोरीला रडत परत यायची वेळ आली तर पायी येता येईल, एवढाच विचार वडिलांनी केला असावा.

माझ्या नवऱ्याला सगळे पेंटर म्हणत, म्हणून मीही इथं पेंटरच म्हणते. सोलापूर रस्त्यावर एसटी थांबायची तिथं त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकांचे नंबर, बैलगाड्यांवरची फुलं, जत्रेतल्या नाटकांचे पडदे, सगळं करत. मूळचे ते शिरूर तालुक्यातले, कवठे येमाईच्या बाजूला एका वस्तीवरचे. घराणं धनगराचं. आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन फिरलेलं, वडिलांपासून जमिनीला टेकलेलं. त्या घरात पेंटरांना कवडीची किंमत नव्हती. माझे थोरले दीर चारचौघांत सांगायचे, "आमच्यात आजवर कुणी बसून खाल्लं न्हाई. ह्यो पयला." वस्तीवर कुणाचं लग्न ठरो की विहीर खणायची असो, पेंटरांना कुणी काही विचारत नसे. मांडवाला रंगीत कागद चिकटवायचे असले की मात्र हाक यायची.

म्हणूनच की काय, पेंटरांना स्वतःच्या नावाचा भारी सोस होता. प्रत्येक पाटीखाली कोपऱ्यात ते आपलं नाव टाकत, पुढं 'पेंटर' आणि 'यवत'. आधी ते नाव मुंगीएवढं असायचं. हळूहळू त्यानं अंग धरलं. समोर एका मुसलमान चाचांचं कापडाचं दुकान होतं, त्यांच्या आजोबांच्या वेळेपासूनचं. चाचांची नवी पाटी लागली त्या दिवशी ते कमरेवर हात ठेवून रस्त्यात उभे राहिले.

"पेंटर, दुकान माझं हाय का तुमचं? गिऱ्हाईक तुमच्या नावानं हाका मारील मला."

पेंटर हसले नाहीत. म्हणाले, "चाचा, तुमचं कापड फाटून जाईल, पाटी ऱ्हाईल."

चाचा भला माणूस. त्यांनी पाटी उतरवली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून नमुन्याचा परकर बरोबर त्या नावावर टांगायला लागले. पेंटर जाता-येता तो बाजूला सारत, आणि चाचा पुन्हा जागेवर आणत. त्यात मला मजा वाटायची.

मजा संपली ती विहिरीवर. शेजारची एकजण घागर भरता भरता म्हणाली, "अगं, किराणाच्या पाटीवरची लक्ष्मी, हाटेलाच्या पाटीवर कप धरलेली बाई, आन् शाळंतली सरस्वती, एकच हाय की. कोण म्हणायची ती?"

मी घरी येताना तिन्ही ठिकाणी थांबून पाहिलं. खरंच एकच होती. लांबट चेहरा, हनुवटीला खळी, आणि डावी भुवई मधेच तुटलेली. माझा चेहरा वाटोळा आहे आणि भुवया दोन्ही धड आहेत.

त्या काळी आमच्याकडं समज होता की चित्र काढून घेतलं की आयुष्य उणं होतं. बाप्येसुद्धा चित्रासाठी बसायला तयार नसत, मग घरंदाज बाई परक्या पुरुषापुढं टक लावून बसणं तर सोडाच. म्हणजे जी बसली ती कोण असणार, हे मला लगेच कळल्यासारखं झालं. त्याच सुमारास एक तमाशाचा फड यवतला उतरला होता आणि पेंटर त्यांचा पडदा रंगवायला जात होते. भाजीचं निमित्त करून मी तिथं गेले. त्यांच्यातली मुख्य बाई कपडे वाळत घालत होती. मी तिला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. नाकी-डोळी नीटस, पण गोल तोंड, खळी नाही, भुवया काळ्याभोर सलग.

"काय बघताय, वहिनी? मालक चुकलं व्हय?" ती हसत म्हणाली.

मी मान खाली घालून घरी आले. संशय गेला नव्हता, त्याचा पत्ता तेवढा चुकला होता.

पेंटरांवर मी पाळत ठेवायला लागले. एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. दुकानात एक आरसा होता आणि काम करताना ते सारखे त्यात बघत. गिऱ्हाईकंही हसायची, "पेंटर लई सोताच्या प्रेमात हायेत." मलाही तसंच वाटलं. नावाचा सोस, आरशाचा सोस, वर कुठली तरी बाई. हा माणूस आपला नाही, असं मी मनाशी धरून बसले आणि महिनाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

मग सासरे वारले. आम्ही वस्तीवर गेलो. दहाव्याला मुलगे ओढ्यावर जाऊन डोकं आणि मिशी उतरवून आले. मी दारात पाण्याची घागर घेऊन उभी होते, आणि किराणाच्या पाटीवरची लक्ष्मी खांद्यावर पंचा टाकून माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

तीच खळी, तीच तुटकी भुवई. लग्न झाल्यापासून मी त्यांना मिशीशिवाय पाहिलंच नव्हतं, आणि त्या झुबकेदार मिशीपुढं खळी-भुवईकडं माझी नजर कधी गेलीच नव्हती. मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबून मी आत पळाले. बायांना वाटलं, सून सासऱ्यासाठी ऊर फुटेस्तोवर रडते. दोघी-तिघींनी माझी समजूत घातली.

सुतक फिटल्यावर मी विचारलं, "अवं, जगातल्या साऱ्या देव्यांना तुमचंच त्वांड का?"

ते चिडले. "मग कुणाचं आणू? माझ्यापुढं कोण बसतंय? आरसा तेवढा बसतो."

ते पटलंही आणि नाहीही. ज्या माणसाला चाचांच्या परकरामागचं नाव सोडवत नव्हतं, त्याला हे अगदीच नाइलाजानं करावं लागत असेल, असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

वर्षभरानं वस्तीवरच्या देवळाचं काम निघालं. देऊळ लहान, आत शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे नाक-डोळे नसलेली दगडाची देवी. नवी भिंत बांधून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, मागं देवीचं चित्र पाहिजे. बाहेरून माणूस आणायचा तर खर्च, म्हणून पहिल्यांदा पेंटरांना सन्मानानं बोलावणं आलं. नारळ घेऊन माणूस आला होता. पेंटरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बैठकीत पेंटर म्हणाले, "मजुरी नगं. खाली कोपऱ्यात नाव टाकू द्या."

एक म्हातारे आप्पा म्हणाले, "देवीच्या पायाशी माणसाचं नाव? येडा झालास काय?"

"घंटेवर नाव हाय. पायरीवर हाय. दिव्याच्या खांबावर बी हाय."

"त्यांनी वस्तू दिली."

"आन् मी काय देतोय?"

थोरले दीर बैठकीत होते. ते म्हणाले, "तू रंग देतोयस. गप काम कर."

पेंटर गप्प झाले, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. चाचांच्या परकराशी वर्षानुवर्षं झुंजणारा माणूस एका वाक्यात हार मानतो, हे काही खरं नव्हतं. ते काम करत होते तोवर मीही वस्तीवरच होते. त्यांनी भिंतीपुढं पोतं बांधलं आणि कुणाला आत येऊ देईनात. एकदा भाकरी द्यायला म्हणून मी पोतं सारलं. आठ हातांची देवी, हिरवं लुगडं, पायाशी वाघ. काम इतकं सुंदर होतं की माझ्या अंगावर काटा आला. मग मी वर पाहिलं. खळी. तुटकी भुवई.

"अवं, हितं नगं. हितं तुम्हाला समदी वळखत्यात."

"मिशी हाय आता. कोण वळखतंय?" ते म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

मुद्दाम केलं की हात वळणावर गेला, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या वेळी मात्र मी भीतीनं अर्धी झाले होते. हा माणूस साऱ्या वस्तीला आपल्या पाया पडायला लावतोय, हे लोकांना एकदा उमगलं असतं तर त्यांना ठोकून काढलं असतं, आणि पुन्हा त्या मातीत आम्हाला कुणी उभं केलं नसतं. सासूबाई तिथं होत्या, वाट्याची जमीन तिथं होती.

पौर्णिमेला पोतं काढलं. ज्या आप्पांनी नाव टाकू दिलं नव्हतं तेच हात जोडून म्हणाले, "आता आमच्या देवीला डोळं आलं." पेंटर बाजूला उभे होते. ते इतके ताठ उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते.

थोरले दीर पूजेचं ताट घेऊन पुढं झाले आणि थबकले. त्यांनी चित्राकडं पाहिलं, मग वळून भावाकडं पाहिलं. दहाव्याच्या दिवशी ओढ्यावर ते भावाच्या शेजारीच बसले होते, बिनमिशीचं ते तोंड त्यांनी दिवसभर पाहिलं होतं. दिरांनी ताटातलं कुंकू मूठभर उचललं आणि देवीचा मळवट भरला. कपाळभर तर भरलाच, पण भुवयांवरही घासला आणि खाली हनुवटीपर्यंत बोटं ओढली. लोकांना ती भक्तीच वाटली. मागून जो तो आला त्यानं तसंच केलं. घटकाभरात सगळा चेहरा लाल झाला. पेंटरांकडं मला बघवेना.

गर्दी पांगल्यावर दीर आम्हा दोघांना देवळामागं घेऊन गेले.

"नाव टाकू दिलं न्हाई म्हणून त्वांड टाकलंस?"

"दादा, माझ्यापुढं कुणी बसत न्हाई. मी आरशात बघून..."

"लोकांना कळलं तर तुझं हातपाय ऱ्हात्याल का? पुढच्या पुनवेपत्तूर दुसरं त्वांड घाल. न्हाईतर मी सोता चुना फासतो, समद्या चित्रावर."

"कुणाचं घालू? तुम्ही बसता?"

दीर पाठ फिरवून चालू लागले. आयुष्य उणं व्हायची भीती त्यांनाही होती.

यवतला परतल्यावर पेंटरांनी कुंचला हातात घेतला नाही. मी मनातल्या मनात दिरांना शिव्या घातल्या आणि पेंटरांनाही घातल्या. एवढं चांगलं काम चुन्याखाली जाणार, या विचारानं मला रडू यायचं. आणि पौर्णिमा जवळ आली तसे एका दुपारी दीर एसटीतून उतरले, हाताला धरून सासूबाईंना घेऊन. त्या पोराच्या दुकानात पहिल्यांदाच येत होत्या. डोळ्यांत पडदा आलेला, चाचपडतच त्या बाकावर टेकल्या.

"ही बसंल," दीर म्हणाले.

मला काही खरं वाटेना. दिरांचा यात काय डाव आहे, हे शोधत मी उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "माझं काय आता उणं व्हायचंय? जे ऱ्हायलंय ते पोराच्या कामाला येऊ दे. पर माझं कपाळ मोकळं. देवीला चालंल व्हय विधवेचं त्वांड?"

"कुंकू लावू की," पेंटर म्हणाले.

मी आधी आरसा उतरवला आणि भिंतीकडं तोंड करून ठेवला. मग पेंटरांच्या मागं उभी राहिले, कुठं काही चलाखी होते का ते बघायला. दीरही माझ्या शेजारी उभे होते, तेही त्यासाठीच. पेंटरांनी कागदावर पेन्सिल टेकवली. ते फक्त आईकडं बघत होते, कागदाकडंसुद्धा क्वचित. सुरकुत्या त्यांनी घेतल्या नाहीत. लांबट चेहरा आला. हनुवटीची खळी आली. डावी भुवई मधे विरळ होती, तीही आली. मी सासूबाईंकडं पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांना वाढत होते, पाय चेपत होते, आणि ती भुवई मी कधी पाहिली नव्हती.

दीर वाकले, कागद जवळून पाहिला, आईला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"हे तर तेच हाय," ते म्हणाले.

"मग दुसरं कुठनं येणार?" पेंटर म्हणाले आणि कागदावरच्या कपाळाला लाल रंग लावला, ठसठशीत.

दीर भिंतीला टेकून खाली बसले. चुन्याचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

"झालं व्हय रं?" सासूबाईंनी विचारलं. पेंटरांनी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांशी नेला, उजेडाकडं धरला, बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता ओळखतील. त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि त्याच्यापुढं दोन्ही हात जोडले.

"बाई, किती चांगली काढलीस रं देवी," त्या म्हणाल्या.