तळोद्यातला समुद्र

मी दुकानाचं शटर पुरतं वर करायच्या आतच चाचा आपला मोबाइल माझ्या काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "पाह्य ना भाऊ, आज समिंदर कसा शे?" चाचा होते तोवर रोज हेच.

आता तुम्हीच सांगा, तळोद्यात सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने झेरॉक्स मागावी, फार तर आधार कार्डाचं काम सांगावं. मी समुद्र कुठून आणू? पण चाचांचा मुलगा दूर प्रशांत महासागरातल्या एका बेटावर, सामान वाहणाऱ्या बोटीवर कामाला होता, आणि त्या बेटाच्या हवामानाचा अंदाज इंग्रजीत यायचा. चाचा माझ्या शेजारी गाद्या भरायचे. सबंध बाजारात इंग्रजी वाचायला त्यांना मीच सापडलो होतो.

"लाटा नऊ फूट," मी वाचायचो.

"म्हंजे तुन्हा शटरथीन उच्च्या?"

"हा, उच्च्या."

"आनि वारा?"

"जोरमा शे. ल्हान बोटसनी संभाळी ऱ्हावो, आसं लिखेल शे."

झालं. त्या दिवशी कापूस पिंजायचं मशीन बंद. समुद्र खवळलेला असला की मुलगा किनाऱ्याला लागल्यावर फोन करायचा, आणि मशीनच्या घरघरीत तो ऐकू येत नसे. फोन येईपर्यंत चाचा हातावर हात ठेवून बसायचे. गिऱ्हाईक ताटकळायचं आणि तोंड माझ्यावर सोडायचं, जणू वारा मीच सोडला होता. "चाचा, फोन खिसामा ठेवा, थरथरी तं समजी," हे मी शंभरदा सांगितलं. "मशीन चालनं म्हंजे मी सगळाच थरथरस," हे त्यांचं उत्तर.

त्यात माझ्या मुलीचं लग्न निघालं. आंदणाच्या गाद्या चाचांनाच सांगितल्या; शेजारी पडले, करणार काय! हळद तोंडावर आली तरी बेटावरचा वारा काही पडेना. शेवटी माझा तोल गेला. "मन्ही पोरना लगनमा तठलं वादळ कसाले, चाचा?"

चाचा उठले. मशीन सुरू केलं. फोन नजरेसमोर राहावा म्हणून पसरलेल्या कापसावर ठेवला आणि कामाला लागले.

दुपारी गाद्या घरी आल्या. मागोमाग चाचा आले, अनवाणी, हातात कात्री. फोन गादीत शिवला गेला होता. कोणत्या गादीत, ते त्यांनाच माहीत नव्हतं.

मी कपाळावर हात मारला आणि त्यांचा नंबर लावायला घेतला. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"नको भाऊ. तठून पोऱ्यानी फोन लाया आनि लाइन गुतेल भेटनी तं?"

"मंग सगळ्या उसवसूत का?"

"पोरनं आंदण शे. सगळ्या कसाले? वाजी ती एकच उसवसूत."

पंखे बंद केले. बायकोने कुकर उतरवला. मांडववाल्याची ठोकाठोक थांबवली. लग्नघरातली झाडून सगळी माणसं गाद्यांना कान लावून बसली. हसावं की डोकं आपटून घ्यावं, मला कळेना. चाचांचे ओठ नुसते हलत होते आणि ते कोणाकडेच बघत नव्हते. हळूहळू माझा राग कुठे गेला ते मला समजलं नाही. मला भीती वाटू लागली.

बऱ्याच वेळाने एका गादीच्या पोटात बारीकसं वाजलं. चाचांनी कात्री घातली, पण घाईत त्यांना टाकाच सापडेना; शेवटी टाके माझ्या मुलीनेच तोडले. फोन कानाला लावून चाचा "बेटा" म्हणाले. पुढे त्यांना बोलताच येईना. त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

चार शब्द गोड बोलायचे सोडून मी त्या कधी न पाहिलेल्या पोरावर खेकसलो, "इतला वारामा कसाले निंघना रे तू? आठे आमना जिवनं पानी पानी व्हई गयं."

तिकडून क्षणभर नुसता वारा ऐकू आला. मग त्याने बिचकत विचारलं, "आपन कोन बोली ऱ्हायनात?"

शेजारचा झेरॉक्सवाला, एवढंच सांगायचं होतं. पण मी फोन तसाच चाचांच्या कानाला लावला.